जुन्या वळणाच्या बोधचिन्हासाठी रंग कसे निवडावेत

"जुन्या काळचा वाटेल असा लोगो करून द्या," असे सांगत येणारा ग्राहक बहुधा मोबाइलमध्ये एक चित्र घेऊन येतो. त्या चित्रातला कागद चहा सांडल्यासारखा पिवळट असतो, कडा करपलेल्या असतात आणि मधोमध विटका लाल, मरगळलेला हिरवा व धुरकट तपकिरी असे तीन रंग एकमेकांना टेकून बसलेले असतात. या रंगसंगतीला माझा एकच आक्षेप आहे. हे रंग जुन्या वस्तूचे नाहीत, त्या वस्तूवर पुढे बसलेल्या धुळीचे, उन्हाचे आणि दमटपणाचे आहेत. ज्या दिवशी ते लेबल छापखान्यातून बाहेर पडले, त्या दिवशी ते चांगले भडक होते. गिऱ्हाइकाची नजर शेजारच्या चार बरण्या ओलांडून आपल्या मालावर यावी, यासाठीच तर व्यापाऱ्याने रंगीत छपाईचे जादा पैसे मोजले होते.

मग जुने लेबल पाहताक्षणी जुने का वाटते? त्यात शाया मोजक्या असतात, कागद निळसर पांढरा नसतो, एका शाईवर दुसरी शाई चढून तिसरा रंग तयार झालेला असतो आणि काही रंग त्या काळी मिळतच नसल्यामुळे तेथे नसतात. या चार गोष्टी सांभाळल्या, तर रंग कितीही तजेलदार ठेवले तरी बोधचिन्ह जुन्या वळणाचे दिसते. त्या सोडून दिल्या आणि नुसते रंग फिके केले, तर हाती येते ते उन्हात राहिलेले नवे बोधचिन्ह.

आधी साल आणि वस्तू ठरवावी

"व्हिंटेज" नावाची एकच रंगसंगती नसते. म्हणून रंगांच्या चौकटी उघडण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत: कोणते दशक आणि कोणती वस्तू? "साधारण आजोबांच्या वेळचे" हे उत्तर चालत नाही. "१९३०च्या आसपासची काड्यापेटी" किंवा "१९६०च्या दशकातील रंगवलेली दुकानाची पाटी" इतके नेमके उत्तर हवे, कारण या दोन वस्तूंचे रंग दोन वेगळ्या प्रक्रियांतून आलेले आहेत.

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून छपाई करण्याचा, कारखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे छापलेल्या देवदेवतांच्या चित्रांत प्रत्येक शाईसाठी वेगळा दगड लागत असे, आणि चित्र जितके नाजूक तितके दगड जास्त. लक्ष्मीच्या चेहऱ्यावरची गुलाबी झाक आणि साडीच्या घडीतली सावली या एकावर एक चढवलेल्या पारदर्शक थरांतून आलेल्या आहेत. काड्यापेटीवरचे लेबल मात्र स्वस्तात उरकायचे असे, त्यामुळे तेथे दोन-तीन शायांतच काम भागवलेले दिसते. बोधचिन्हासाठी मला विचाराल, तर काड्यापेटीचे लेबल अधिक उपयोगी आहे. रविवर्मा शैलीचे रंग चित्राला शोभतात, पण तेवढे थर एका रुपयाएवढ्या चिन्हात ओतले की त्याचा चिखल होतो.

साल ठरवण्याचा आणखी एक फायदा असा की कोणते रंग वापरायचे नाहीत, हे आपोआप ठरते. पहिला कृत्रिम रंग, म्हणजे पर्किनचा जांभळट मॉव्ह, १८५६चा. कृत्रिम नीळ बाजारात आली ती १८९७ मध्ये. आज चार रंगांच्या छपाईत दिसणारा लख्ख, किंचित हिरवट निळा ज्या फ्थॅलोसायनिन रंगद्रव्यातून येतो, ते १९३५ मध्ये बाजारात आले. त्यापूर्वीचे छापील निळे बहुतांशी प्रशियन ब्लू आणि अल्ट्रामरीन या घराण्यांतले, म्हणजे एक काळपट आणि गंभीर, दुसरा जांभळाकडे झुकणारा. तेव्हा १९२०च्या वळणाचे लेबल करताना त्यात झगझगीत आकाशी निळा घातला, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल. कागदाचेही तसेच आहे. आजच्या कागदाची निळसर, चमकती शुभ्रता त्यात मिसळलेल्या, उजळपणा आणणाऱ्या रसायनांची असते आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्याआधीचा नवाकोरा कागदसुद्धा बहुधा मोतिया किंवा फिकट बदामीच असे.

येथे आठवणीवर फार विसंबू नये. एसटी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाल गाडी येते. परंतु १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाड्या निळ्या आणि रुपेरी रंगाच्या होत्या. "पहिल्या एसटीच्या काळातला" ढाबा काढणाऱ्याला कोणते रंग द्यावेत, यावर दोन मते होऊ शकतात. लोकांच्या मनातला लाल द्यावा, की इतिहासातला निळा? माझ्या मते धंद्यासाठी लाल द्यावा आणि १९४८ हे साल ठळकपणे मिरवायचे असेल, तर निळा. साल निळ्याचे आणि रंग लाल, अशी सरमिसळ मात्र करू नये.

इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या "रेट्रो" रंगसंगतींविषयीही सावध राहावे. मोहरीसारखा पिवळा, अव्होकॅडोचा मळका हिरवा आणि भाजक्या केशरी रंगाचा जो संच सत्तरचे दशक म्हणून सर्रास दिला जातो, तो अमेरिकन स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा, शेगड्यांचा आणि गालिच्यांचा आहे. आपल्याकडे त्याच दशकात रस्त्यावर काळी-पिवळी टॅक्सी होती आणि भिंतीवर भडक ऑफसेट छपाईची दिनदर्शिका होती. सांगलीच्या हळदीच्या पुड्यावर अमेरिकन फ्रिजचा हिरवा रंग चढवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

वस्तू भिंगाखाली घ्यावी

साल आणि वस्तू ठरल्यावर त्या प्रकारची खरी वस्तू हाताशी घ्यावी. जुन्या बाजारात, घराच्या माळ्यावर किंवा एखाद्या जुन्या दुकानाच्या फडताळात ती सापडते, आणि फोटोपेक्षा प्रत्यक्ष वस्तू केव्हाही चांगली. माझ्याकडे उदबत्तीच्या पुड्याचे एक जुने लेबल आहे. वरवर पाहता त्यात पाच रंग दिसतात: लाल, पिवळा, गडद निळा, हिरवा आणि जवळजवळ काळा. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरले की लक्षात येते की शाया तीनच आहेत. पोपटाच्या पंखाचा हिरवा हा हिरव्या शाईचा नव्हेच, तेथे पिवळ्यावर निळी शाई चढली आहे. पंखाच्या डाव्या कडेला निळा ठसा केसभर सरकल्यामुळे पिवळ्याची बारीक रेघ उघडी राहिली आहे आणि त्या रेघेनेच पंखाला उजेड आल्यासारखा वाटतो. चौकटीची काळी दिसणारी रेषा लाल आणि निळ्याच्या एकत्र येण्याने झाली आहे. ठिपके कोठेही नाहीत, प्रत्येक रंग भरीव आहे.

याच लेबलाची एक पट्टी पुड्याच्या आत दुमडलेली होती. ती उलगडली तेव्हा बाहेरचा विटकरी वाटणारा रंग आत चक्क डाळिंबी निघाला. उजेड न लागलेला हा भाग म्हणजे त्या लेबलाचा खरा जन्मरंग. रंग नेहमी अशाच ठिकाणाहून घ्यावा: दुमडलेल्या पट्टीवरून, चौकटीखाली झाकलेल्या कडेवरून किंवा डब्याच्या झाकणाखालच्या भागावरून.

रंग टिपताना दुपारच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, सावलीत फोटो घ्यावा आणि शेजारी छायाचित्रणात वापरतात ते करडे कार्ड ठेवावे, म्हणजे कॅमेऱ्याने उजेडाला दिलेली झाक नंतर काढून टाकता येते. संगणकावर एकाच बिंदूचा रंग न उचलता नखाएवढ्या भागाची सरासरी घ्यावी. एकदा मी पिवळ्या बल्बखाली घाईने घेतलेल्या फोटोवरून रंग ठरवले होते. पडद्यावर ते सोनेरी दिसले आणि पुडे छापून आले तेव्हा हळद नव्हे, मुलतानी माती विकायला ठेवल्यासारखे वाटले. तो खर्च माझ्याच खिशातून गेला.

उदबत्तीच्या त्या लेबलावरून मी बेतलेला संच येथे आकड्यांत देतो, म्हणजे पुढचे बोलणे हवेत राहणार नाही. लाल, हिरवा, निळा या पडद्यावरच्या क्रमाने कागदाचा मोतिया २४३, २३२, २०८. डाळिंबी लाल १९०, ४८, ३८. हळदी पिवळा २३२, १७६, ३८. आणि निळीचा गडद निळा २८, ६२, ९६. यात हिरवा किंवा काळा मी मुद्दाम घेतलेला नाही. संगणकावर निळ्याचा थर पिवळ्यावर ठेवून त्याला "मल्टिप्लाय" ही मिश्रणपद्धत लावली की २५, ४३, १४च्या आसपासचा गर्द शेवाळी आपोआप मिळतो, आणि लाल-निळ्यातून जवळजवळ काळा. असे जन्मलेले रंग आपल्या आईबापांशी नाते राखून असतात. वेगळा हिरवा बाहेरून आणून बसवला, तर तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो. शेवाळी फारच गर्द वाटला, तर निळा भरीव न ठेवता बारीक रेघांचा करावा. जुने कारागीरही तेच करीत.

किती रंग आणि कोणता किती

बोधचिन्हाला दोन शाया आणि कागद एवढे पुरते, तिसरी शाई लेबलासाठी राखून ठेवावी. यापेक्षा जास्त रंग घेण्याचा मोह झाला, तर त्यातला कोणता रंग काढला असता काम अडते, हे एकेक काढून पाहावे. बहुतेक वेळा अडत नाही.

प्रमाणाचा विचार करताना मला लुगड्याची मांडणी सर्वांत उपयोगी वाटते. अंग एका रंगाचे, काठ दुसऱ्या रंगाचा आणि पदरावर थोडी चमक. काळ्या चंद्रकळेला लाल काठ शोभतो तो काठ अरुंद असतो म्हणून. दोन्ही रंग निम्मे-निम्मे केले, तर चंद्रकळा राहत नाही, झेंडा होतो. बोधचिन्हातही अंग कोणाचे आणि काठ कोणाचा, हे आधी ठरवावे.

याचे याहून नेटके उदाहरण दख्खनच्या राणीचे आहे. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली, तेव्हा सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर शेंदरी लाल पट्ट्या; दुसरा गडद राजनिळा, त्यावर सोनेरी रेघा. प्रत्येक संचात रंग दोनच, त्यांतला एक अंगभर आणि दुसरा रेघेपुरता. मिसळीचे दुकान असो किंवा सायकल दुरुस्तीचे, १९३०च्या दशकातला रुबाब हवा असेल, तर राजनिळ्यावर सोनेरी रेघ ही जोडी आजही कमी पडत नाही. फक्त सोनेरीसाठी खरी धातूची शाई वापरावी किंवा सरळ हळदी पिवळा घ्यावा. संगणकात रंगांच्या उतारातून तयार केलेले चकचकीत सोने सारा परिणाम घालवते.

इमारतींकडूनही असेच शिकता येते. चर्चगेटसमोरचे १९३८ मधले इरॉस चित्रपटगृह पाहावे: मलईच्या रंगाची भिंत आणि आग्र्याचा लाल वालुकाश्म. मुंबईच्या आर्ट डेको वळणाचे बोधचिन्ह म्हणजे हमखास गुलाबी-पोपटी फिक्या रंगांची मिठाई, अशी समजूत पसरली आहे. या जोडीसमोर ती टिकत नाही.

अक्षर वाचता आले पाहिजे

येथे जुन्याच्या प्रेमाला थोडा लगाम घालावा लागतो. वेबसाइटसाठी सर्वमान्य असलेल्या सुलभतेच्या निकषानुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणातला फरक किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांचा किमान ३ : १ या गुणोत्तराचा असावा लागतो. वरच्या संचाचे गणित मांडले तर मोतियावर गडद निळ्याचे गुणोत्तर सुमारे ९ येते, म्हणजे पत्ता, वजन, घटकपदार्थ यांसाठी तोच वापरावा. मोतियावर डाळिंबी ४.७च्या आसपास, म्हणजे काठावर पास. मोतियावर पिवळा मात्र जेमतेम १.६. पोथीत चुकलेले अक्षर झाकायला लेखक हरताळाचा पिवळा लेप देत, आणि त्यावरूनच आपल्याकडे हरताळ फासणे हा वाक्प्रचार आला. मोतिया कागदावर पिवळी अक्षरे छापणे म्हणजे आपल्याच नावाला हरताळ फासणे होय. निळ्यावर पिवळी अक्षरे सुमारे ५.६, उत्तम. निळ्यावर लाल अक्षरे २च्याही खाली आणि डोळ्यांसमोर थरथरणारी, म्हणून पूर्ण वर्ज्य.

लालवर पिवळे ही आपल्या बाजाराची लाडकी जोडी ३च्या किंचित खाली येते. पाट्या रंगवणाऱ्या पेंटर मंडळींनी हे गुणोत्तर कधी मोजले नसेल, पण अडचण त्यांना ठाऊक होती. म्हणून ते पिवळ्या अक्षराला काळी किंवा गडद निळी बाह्यरेषा देत आणि उजवीकडे खाली शेड टाकत. आपणही तेच करावे, परंतु देवनागरीत शेड टाकताना एक काळजी घ्यावी. रोमन अक्षराच्या वर काही नसते, देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांची दाटी असते. "की" लिहून त्याला जाड शेड दिली, तर वेलांटीची शेड खाली शिरोरेषेवर उतरते, मधली पोकळी बुजते आणि लांबून तो "का" वाटू लागतो. शिरोरेषेच्या वरच्या भागाची शेड खालच्या भागाच्या निम्मी ठेवावी किंवा तेथे नुसती बाह्यरेषा ठेवून शेड शिरोरेषेखालीच द्यावी. पोपटाच्या पंखासारखा सरकलेला ठसाही मुद्दाम करायचा असेल, तर तो चित्रात करावा, अक्षरात नाही. अनुस्वाराचा टिंब सरकला की शब्दच बदलतो.

नावे, नमुने आणि नोंदणी

ग्राहकाशी बोलताना रंगांना मराठी नावे द्यावीत. "थोडा वॉर्म रेड" म्हटले की दोघांच्या मनात दोन रंग असतात. डाळिंबी, आमसुली, कुसुंबी, शेंदरी यांत मात्र घोटाळा कमी होतो, कारण प्रत्येकामागे हातात घेता येईल अशी वस्तू आहे. मोरपंखी, चिंतामणी, अंजिरी, केतकी, अबोली या नावांनी तर साडीच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार चालत आला आहे. छापखान्यासाठी अर्थातच नावापुढे आकडा लागतो. पँटोन या कंपनीची रंगांची क्रमांकपद्धती १९६३ पासून यासाठीच आहे. शक्य असेल तेथे चार रंगांच्या ठिपक्यांतून रंग तयार करण्याऐवजी स्वतंत्र शाईच मागावी. भिंगाखालच्या त्या लेबलातला भरीवपणा ठिपक्यांनी येत नाही, आणि देवनागरीच्या बारीक रेषांच्या कडा ठिपक्यांत फाटतात.

नमुना ज्या वस्तूवर छापायचा त्याच वस्तूवर पाहावा. न चकाकणाऱ्या कागदावर शाई मुरते आणि रंग एक पायरी मंदावतो. तपकिरी क्राफ्ट कागदावर पिवळा जवळजवळ नाहीसा होतो, कारण छपाईची शाई पारदर्शक असते आणि खालचा रंग वर येतो. पारदर्शक प्लास्टिकच्या पुड्यावर खाली पांढऱ्याचा थर दिला नाही, तर आतला मसालाच पार्श्वभूमी बनतो. कागदाचा मोतियाही विचारपूर्वक वापरावा. कागद मुळातच मोतिया असेल, तर त्यावर पुन्हा मोतिया छापू नये, नाहीतर नको असलेला तो चहा सांडलेला रंग मागच्या दाराने परत येतो. पडद्यावर मात्र तो भरावाच लागतो, कारण तेथे खाली कागद नसतो.

त्यानंतर नमुन्याचा पुडा दुकानाच्या फळीवर, नेहमीच्या ट्यूबलाइटखाली, शेजारच्या मालाच्या रांगेत ठेवून दहा फुटांवरून पाहावा. फळीवर आधीच सहा लाल पुडे असतील, तर आपला डाळिंबी कितीही अस्सल असला तरी हरवेल. अशा वेळी संच बदलण्याची गरज नसते. अंग आणि काठ यांची अदलाबदल करून अंगभर निळा आणि काठाला डाळिंबी घेऊन पाहावे. फक्त डाळिंबी थेट निळ्याला न भिडवता मध्ये मोतिया किंवा पिवळी रेघ सोडावी.

बोधचिन्ह सर्वांत आधी एकाच गडद शाईत उभे राहते का, हेही तपासून घ्यावे, कारण पावतीपुस्तकावर, रबरी शिक्क्यात आणि वजनाच्या यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर ते तसेच उमटणार असते. नोंदणीच्या दृष्टीनेही ही काळी-पांढरी आवृत्ती उपयोगी पडते. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यातील कलम १० प्रमाणे रंगांचे बंधन न घालता नोंदवलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदवलेले मानले जाते. त्यामुळे पुढे दिवाळीचा पुडा निळ्याऐवजी आमसुली करावासा वाटला, तर नोंदणीची अडचण येत नाही. रंगांची जोडी हीच ओळख असेल, तर रंगांसह वेगळा अर्ज करायचा की नाही, हे वकिलाला विचारून ठरवावे.